साठ फुटांचा चौकोन

(दृश्य: सकाळचं मैदान. चार मुली, दोरी, खुंट्या, हातोडा.)

या दोरीवर चार खुणा आहेत. पहिली 43 फुटांवर, दुसरी 60 वर, तिसरी 84 फूट सव्वादहा इंचांवर आणि चौथी 120 फुटांवर. सॉफ्टबॉलचा डायमंड, म्हणजे होम प्लेट आणि पळताना गाठायचे तीन बेस यांचा चौकोन, आखायला एवढं पुरतं.

दोरीचं टोक होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिथं उभी राहते त्या पाटीच्या, मागच्या टोकदार कोपऱ्याशी खुंटीला बांधायचं आणि दोरी मैदानाच्या मधोमध सरळ ताणायची. 43 फुटांवर पिचर प्लेटची, म्हणजे चेंडू टाकणारी जिथून टाकते त्या पट्टीची, पुढची कड येते. हे अंतर मुलींसाठी, मुलांना 46 फूट. 84 फूट सव्वादहा इंचांवर दुसरी खुंटी ठोकायची, तो सेकंड बेसचा मध्य. आता 120 ची खूण या दुसऱ्या खुंटीला अडकवायची, 60 ची खूण हातात धरायची आणि उजवीकडे चालत जायचं. दोरी दोन्ही बाजूंनी ताठ झाली की पायाखाली फर्स्ट बेसचा बाहेरचा कोपरा. तसंच डावीकडे थर्ड बेस.

(दृश्य: फर्स्ट ते थर्ड टेप धरलेल्या दोघी.)

पडताळा घेतल्याशिवाय कॉलेजचे शारीरिक शिक्षणाचे सर फक्की मारू देत नाहीत. फर्स्ट ते थर्ड अंतरही 84 फूट सव्वादहा इंचच भरलं पाहिजे. नाही भरलं तर चौकोन तिरका झाला, आणि बहुतेक वेळा दोष दोरीचा असतो. नायलॉनची दोरी ओढली की लांबते. सुती दोरी भिजली की आखडते, म्हणून पावसाळा संपला की टेप लावून सगळ्या खुणा पुन्हा तपासायच्या. होम प्लेट कोळसा खाणीतल्या जुन्या कन्व्हेयर बेल्टमधून कापलेली आहे. पुढची कड 17 इंच, बाजू साडेआठ, मागच्या दोन तिरक्या कडा 12-12 इंच. विकतची प्लेट उन्हात वाकडी होते, ही होत नाही.

(दृश्य: ड्रोन. गाव, कपाशीची शेतं, मधे मैदान.)

हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. खाली पाणी खारं, वर खोल काळी माती. पावसात ही माती फुगते आणि बुटाला चिकटून येते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सरपटत आलेला चेंडू अशा भेगेवर आपटला की थेट तोंडावर उडतो. त्यामुळं इथं सॉफ्टबॉल शिकवायचा म्हणजे आधी मैदान करायचं.

इनफिल्डवर, म्हणजे बेसच्या चौकोनाच्या भागावर, चार ते सहा इंच मुरूम लागतो. तो सातपुड्याच्या पायथ्याकडून ट्रॉलीनं येतो. मोठे खडे चाळून काढायचे, पाणी मारायचं आणि वाफसा आला की रोलर फिरवायचा. ओल्यावर फिरवला तर अर्धा मुरूम रोलरलाच चिकटून निघतो, सुक्यावर फिरवला तर तो बसतच नाही, आठवड्यात भुगा होऊन वाऱ्यावर जातो. मधला भाग वीतभर उंच ठेवून उतार चारी बाजूंना काढायचा. उतार चुकला की पाणी होम प्लेटपाशी साचतं, आणि बॅटर उभी राहते नेमकी तिथंच. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये या कामासाठी रकाना नाही, पण ते दरवर्षी करावं लागतं.

(दृश्य: जुने फोटो. संघाचा ग्रुप फोटो, मुली सलवार-कमीजमध्ये.)

सर नव्वदच्या दशकात या कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झाले. बी.पी.एड. अमरावतीला, 1914 साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. नागपूर विद्यापीठातून 1983 साली वेगळं झालेलं अमरावती विद्यापीठ तेव्हा नवंच होतं. मुलींचे सॉफ्टबॉलचे संघ मोजके यायचे. नऊ जणी मैदानावर उभ्या केल्या तरी उपांत्य फेरीपर्यंत जाता येईल, हा हिशेब. आवड नंतर लागली.

नऊ जणी आल्या खो-खोतून. पळण्यात त्या कुणाला ऐकत नव्हत्या. अडचण एकच, बेस जवळ आला की खांबावर मारतात तसा सूर मारायच्या आणि मुरुमावर तळहात सोलून घ्यायच्या. सरांनी सगळ्यांना आधी पाय पुढं टाकून घसरायला शिकवलं. एक पाय दुमडून खाली, दुसरा बेसकडे, हनुवटी छातीला, हात वर. सराव ओल्या गवतावर, पायात मोजे, बूट नाहीत. बूट घातले की स्टड रुततो आणि घोटा मुरगळतो.

आणखी एक सवय मोडावी लागली. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरनं बेस सोडायचा नाही. सोडला तर आऊट. खो-खोतली मुलगी जागेवर थांबत नाही.

(दृश्य: पिचिंग. जवळून मनगट, मग पूर्ण हात.)

आता हे बघा. सॉफ्टबॉलचा चेंडू 12 इंच घेराचा आणि साधारण 180 ते 200 ग्रॅम वजनाचा. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू कमरेजवळ सुटतो. ताशी 90 किलोमीटरनं आलेला चेंडू होम प्लेटपर्यंत अर्ध्या सेकंदात पोहोचतो.

शिकवायचा क्रम उलटा असतो, शेवटाकडून सुरुवातीकडं. पहिले काही दिवस फक्त मनगट. भिंतीपासून पंधरा फुटांवर उभं राहायचं, हात मांडीला लागून, आणि चेंडू केवळ मनगटाच्या झटक्यानं टाकायचा. मग हात मागे खांद्याइतका नेऊन अर्धं वर्तुळ. मग पूर्ण वर्तुळ, पण पाय जागेवर. पाऊल सगळ्यात शेवटी. ज्या मुली पहिल्याच दिवशी पूर्ण हात फिरवतात त्यांचा वेग लवकर येतो, पण चेंडू कुठं जाईल ते त्यांनाही माहीत नसतं. त्यांना भिंतीपाशी परत आणायला मग महिना जातो.

(दृश्यातला आवाज – सर: "काहून व, डोक्यावरून काहून गेला?" मुलगी: "हात उशिरा सुटला, सर." सर: "मंग? कमरेपाशी सोड ना.")

चेंडू उशिरा सुटला की वर जातो, लवकर सुटला की जमिनीत आपटतो. आडवा भरकटला तर कोपर अंगापासून दूर गेलेलं असतं. वर्तुळ फिरताना दंड कानाला चाटून गेला पाहिजे आणि खाली येताना हाताची आतली बाजू मांडीला घासून. सराव झालेल्या पिचरच्या ट्रॅकपँटवर तिथं एक मळकट पट्टा दिसतो. सर आधी तो पट्टा बघतात. पुढचं पाऊल पिचर प्लेटच्या 24 इंच रुंदीतच पडलं पाहिजे. मागचा पाय ओढत न्यायचा. तो मधेच टेकवून पुन्हा जोर घेतला तर पंच बेकायदा चेंडू देतात.

(दृश्य: कॅचर गिअर घालताना.)

कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारी, पिचरपेक्षा अवघड मिळते. हेल्मेट-मास्क, गळ्याचं गार्ड, छातीचं पॅड, लेग गार्ड, हे सगळं घालून ऑक्टोबरच्या उन्हात सात इनिंग उकिडवं बसायचं. मोकळ्या हाताची मूठ ग्लोव्हच्या मागं लपवायची, अंगठा आत. बोटं मोकळी राहिली की बॅटला चाटलेला चेंडू आधी त्यांवरच येतो.

सामने हरण्याची कारणंही बहुधा याच जागेवर सापडतात. स्ट्राइक म्हणजे बॅटरला न मारता आलेला योग्य चेंडू, असे तीन झाले की ती आऊट. पण तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि फर्स्ट बेस रिकामा असला, किंवा दोन आऊट झालेल्या असल्या, तर बॅटरला पळता येतं. नव्या मुली तीन स्ट्राइक झाले म्हणून बॅट टाकून बाकाकडं चालू लागतात. सर म्हणूनच सरावात दर तिसऱ्या स्ट्राइकनंतर पळायलाच लावतात, चेंडू निसटो न निसटो.

(दृश्य: ग्लोव्हला तेल लावताना हात.)

ग्लोव्ह नवा असला की पुठ्ठ्यासारखा कडक असतो. खोबणीला थोडं तेल, आत चेंडू, वरून दोरीनं आवळून रात्रभर. तेल जास्त झालं तर चामडं जड आणि ढिलं पडतं. डावखुऱ्या मुलीसाठी उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह लागतो, तो वेगळा मागवायचा. विसरलं की ती मुलगी उलटा ग्लोव्ह घालून खेळते आणि चेंडू सोडते.

(दृश्य: एसटी स्टँड. किट बॅग टपावर.)

दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू होते आणि संध्याकाळचा सराव ओस पडतो. विद्यापीठाच्या स्पर्धाही याच महिन्यांत. मग सराव पहाटे सहाला, वेचणीला जायच्या आधी. खेड्यावरून येणाऱ्या मुलींना त्या वेळी गाडी नसते, त्यामुळं वसतिगृहातल्या मुलींवरच संघ उभा राहतो. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून प्रवासखर्चाचं बिल थोडं हलकं झालंय.

या मैदानावरच्या काही मुली राज्याच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातून पोलिसांत आणि शिक्षणखात्यात लागल्या, बऱ्याच जणींचा खेळ लग्नानंतर सुटला.

(दृश्य: क्रीडा विभागाची खोली. कपाट, रजिस्टर.)

जूनमध्ये सर निवृत्त होतात. डेड स्टॉक रजिस्टरवर एकेक वस्तू वाचून सही होते आहे: बॅट, ग्लोव्ह, कॅचर गिअर, बेस, रोलर. संचालकाचं पद लगेच भरलं जाणार नाही, पदभार इतिहासाच्या प्राध्यापकांकडे राहील. ते भले गृहस्थ आहेत, सॉफ्टबॉल त्यांनी कधी खेळलेला नाही.

स्पर्धेच्या प्रवेशिका मात्र ठरल्या तारखेलाच जातात. प्रत्येक मुलीची दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, प्राचार्यांची सही आणि फोटोवर शिक्का. एक कागद राहिला तरी मुलगी बाद होते. नऊच असतील तर संघच बाद. सर नव्या सरांना हेच समजावून सांगताहेत.