तरंगणारं घर आणि पुस्तकांचं कपाट

नमस्कार मंडळी! मालदीवच्या तरंगत्या शहराची चित्रं सगळीकडे फिरतायत, आणि कमेंटमध्ये रोज एकच प्रश्न: "ताई, काँक्रीट तरंगतं कसं?" खाली काँक्रीटचा पोकळ हौद, वर हलकं घर. हौद जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढं वजन पाणी पेलतं. शाळेत झालंय हे, पुढे जाऊया.

खरी मेख तोलात आहे. हे बघा, बादलीत पातेलं तरंगतंय. वरणाची वाटी मधोमध ठेवली, पातेलं सरळ. वाटी कडेला सरकवली, कललं! वजन तेच, जागा बदलली.

ॲमस्टरडॅमच्या आयबर्ग भागात तरंगत्या घरांची वस्ती आहे. घरं कारखान्यात बांधून कालव्यातून ओढत आणली. तिथे लोकांनी नंतर सामान हलवलं, नवं आणलं, आणि काही घरं कलली. मग बाहेरून पाण्याच्या टाक्या लावून तोल साधावा लागला.

हिशेबच करू. घराचा तळ 10 बाय 7 मीटर. एक टन वजन मधोमध आलं, तर घर जेमतेम दीड सेंटीमीटर बसतं. तेवढंच पुस्तकांचं कपाट एका भिंतीला लावा, ती बाजू खाली, समोरची वर. दारं आपोआप उघडायला लागतील.

लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना डॉल्फिन दिसले की आम्ही सगळे एका कठड्याला धावायचो, आणि तांडेल ओरडायचा, "अर्धे तिकडे व्हा!" वस्तीच्या आराखड्यात हा तांडेल हवाच. कुठल्या भिंतीला किती वजन चालेल, हे घर घेतानाच लिहून द्या.

आता "मुंबईत कधी?" म्हणणाऱ्यांसाठी. आयबर्गच्या पाण्याला भरती-ओहोटी नाही, 1932 च्या बांधाने बाहेरचा समुद्र कधीच अडवलाय. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. त्यावर उपाय आहे: उंच खांब, त्यावर वरखाली सरकणारी, घराला जोडलेली कडी, आणि नळ, वीज, सांडपाण्याच्या लवचिक नळ्या. नेदरलँड्समधल्याच मासबोमेलची नदीकाठची घरं अशी साडेपाच मीटरपर्यंत उचलली जाऊ शकतात. पण पावसाळ्यातल्या लाटांना खांब पुरत नाहीत, आडोशाचं पाणी लागतं. आणि मुंबईत आडोशाच्या पाण्यात कोळ्यांच्या होड्या नांगरलेल्या असतात. त्या हलवून तिथे घरं आणायची असतील, तर मला तो आराखडा मान्य नाही.