लिंकनच्या आजोबांचा सातबारा

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझं आहे आणि आतून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

नातवाला शाळेत वंशवृक्ष करून न्यायचा होता. आमची बाजू एका संध्याकाळी उरकली. कुलवृत्तांत कपाटात होताच, शिवाय त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची सही आहे, तिचा फोटो दिरांनी पाठवला. सूनबाई इथलीच, अमेरिकन. तिची बाजू मात्र १८५० च्या केंटकी राज्यात जाऊन अडली. ‘आमचे लोक पूर्वेकडून बैलगाडीने आले,’ यापलीकडे तिच्या घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं.

१८५० लाच का अडली, तर इथली खानेसुमारी, म्हणजे जनगणना, सुरू झाली १७९० साली, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकी बायकामुलं म्हणजे नुसते आकडे. घरातल्या सगळ्यांची नावं १८५० पासून आली, तीही फक्त स्वतंत्र माणसांची. गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या, त्यांत मालकाचं नाव आणि पुढे वय, लिंग, रंग. माझ्या लायब्ररीतल्या मैत्रिणीचे पूर्वज गुलाम होते. तिच्या घरच्यांची नावं सरकारी खानेसुमारीत पहिल्यांदा उमटली ती १८७० साली. तिच्यासमोर मी आमच्या अडचणीचं रडगाणं गायचं थांबवलं.

तर शिकण्यासाठी म्हणून मी एक घराणं घेतलं, ज्याचे कागद सगळ्यांनी उकरून ठेवलेत. लिंकन. वाटलं, अध्यक्षांचं घराणं, सगळं स्वच्छ असेल. कसलं काय! खुद्द अब्राहम लिंकनना आजोबांच्या पलीकडचं धड माहीत नव्हतं. डिसेंबर १८५९ मध्ये त्यांनी स्वतःविषयी एक छोटं टिपण लिहून दिलं. आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा) केंटकीत आले, त्यांच्या आधीचे लोक पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतले, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, इथवर ते सांगतात. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे पार ईशान्येकडच्या राज्यांतल्या, लिंकनांशी नातं लागतं का, हेही पाहून झालं होतं. हाती काय लागलं? दोन्ही घरांत ईनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावं. एवढंच.

आता हे वाचून आपल्यासारख्यांना लगेच ओळखू येईल की नाही? आजोबांचं नाव नातवाला ठेवणारी माणसं आपण. तीन घरांत तेच तेच मॉर्डेकाय दिसले की आपल्याला भावकीचा वास येतो. आणि वास खरा होता. सॅम्युएल लिंकन नावाचा विणकराचा शिकाऊ मुलगा १६३७ साली इंग्लंडमधल्या नॉरफोकहून न्यू इंग्लंडातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आला आणि हिंगम गावी राहिला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय. त्याचाही मुलगा मॉर्डेकाय, तो न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियात गेला. त्याचा मुलगा जॉन १७६८ च्या सुमारास खाली व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यात उतरला. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम, म्हणजे आजोबा, केंटकीत. त्यांचा मुलगा टॉमस, म्हणजे अध्यक्षांचे वडील, आधी इंडियानात, मग १८३० साली इलिनॉयला. हिंगमपासून इलिनॉयपर्यंत १९३ वर्षं लागली, आणि शेवटच्या टप्प्यात एकवीस वर्षांचा अब्राहम बैलगाडीबरोबर होता.

मधला दुवा जुळला तो जमिनीच्या व्यवहारामुळे. जॉनने १७४८ मध्ये न्यू जर्सीतली वडिलार्जित जमीन विकली, तेव्हा खरेदीखतात स्वतःला मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस म्हणवून घेतलं. म्हणून मी सूनबाईला म्हणते, नाव शोधू नकोस, जमीन शोध. नाव तर कारकून कसंही लिहितो. कॅप्टन अब्राहमने १७८० मध्ये केंटकीच्या ४०० एकरांसाठी सरकारात पैसे भरले, त्या कागदावर आडनाव काय आहे? ‘लिंकहॉर्न’. मोजणीतही तेच. आमचं आडनाव इथे फोनवर किती तऱ्हांनी ऐकलंय मी, मला त्या कारकुनाचा राग आला नाही.

त्या मोजणीनेच एक गंमत केली. आजोबा शेत तयार करत असताना आदिवासींच्या हल्ल्यात मारले गेले, ही घरातली गोष्ट. लिंकन लिहितात, केंटकीत आल्यावर एकदोन वर्षांतच, म्हणजे धरा १७८४ पर्यंत. पण लुईव्हिलजवळच्या लाँग रनवरच्या जमिनीची मोजणी झाली मे १७८५ मध्ये, आणि खुणा करणारा म्हणून त्यात नाव आहे अब्राहम लिंकहॉर्न. मेलेला माणूस मोजणीला कसा उभा राहील? मृत्यू झाला १७८६ साली. (आणि ज्या रानात ही मोजणी चालली होती, ते शॉनी या आदिवासी लोकांचं शिकारीचं रान होतं. त्यांची सही कुठल्याच कागदावर नाही.)

या सालाला फार महत्त्व आहे. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं आणि कायदा जुना होता: मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाची. ती थोरल्या मुलाकडे गेली, त्याचंही नाव मॉर्डेकायच. धाकट्या टॉमसच्या हाती काहीच नाही. सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा कायदा व्हर्जिनियात १७८५ मध्ये मंजूर झाला होता, पण लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. काही महिन्यांनी हुकलं! आपल्यातल्या ज्यांच्या घरी वाटणीची प्रकरणं चालू आहेत, त्यांना टॉमसचं दुःख मी वेगळं सांगायला नको.

पुढे टॉमसने केंटकीत एकामागून एक शेतं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी हक्काचा वाद निघाला. तिथे जमिनीची हद्द म्हणजे अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्याच्या वळणापर्यंत. झाड पडलं, ओढा सरकला, की हद्द संपली, आणि तीच जमीन दोघातिघांच्या नावावर. १८१६ च्या अखेरीस त्याने ओहायो नदी ओलांडली. लिंकननी स्वतः लिहिलंय, याला थोडंसं कारण गुलामगिरी होती, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काची कटकट. इंडियानात जमीन सरकारने आधी चौकोनी आखून मगच विकायला काढली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा. ऑक्टोबर १८१७ मध्ये टॉमसने व्हिन्सेन्सच्या कचेरीत १६० एकरांची नोंद केली, एकरी दोन डॉलर, हप्त्यांनी. हप्ते झेपेनात. शेवटी निम्मी सोडून दिली आणि १८२७ मध्ये ८० एकर निर्वेध त्याच्या नावावर झाले.

आणखी एक खोडा. काउंट्याच जागच्या जागी राहत नाहीत. रत्नागिरीतून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग निघाला, माझं माहेर एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, तसंच. पेनसिल्व्हेनियातलं मॉर्डेकायचं दगडी घर १७३३ चं, बर्क्स काउंटी जन्मली १७५२ ला. लिंकन जन्मले ते शेत तेव्हा हार्डिन काउंटीत होतं, आज लारू काउंटीत आहे. दप्तर मात्र पुष्कळदा जुन्याच कचेरीत राहतं. सूनबाई आणि मी एकदा चार तास गाडी चालवून नव्या काउंटीच्या कचेरीत गेलो आणि काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘हे साल आमच्याकडे नाही.’

लिंकनच्या आईवडिलांच्या लग्नाचंही असंच झालं. टॉमस हार्डिन काउंटीत राहायचा, म्हणून सगळ्यांनी तिथलं दप्तर चाळलं. नोंद नाही. मग कुजबूज सुरू, की लग्न झालंच नव्हतं. अध्यक्षपदापर्यंत पोचलेल्या माणसामागे ही कुजबूज शेवटपर्यंत राहिली. आता तुम्हीच सांगा, लग्न कुठे होतं? मुलीकडे! नॅन्सी हँक्स राहत होती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, आणि १० जून १८०६ चा लग्नाचा जामीनकागद, म्हणजे या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही याची लेखी हमी, तिथल्या स्प्रिंगफील्डच्या कचेरीत मुकाट पडून होता. लग्न १२ जूनला लागलं. कागद लोकांसमोर आला १८७८ च्या सुमारास, लिंकनच्या हत्येनंतर तेरा वर्षांनी. त्याची प्रत मी पाहिली आहे. टॉमसला लिहिता येत नव्हतं म्हणतात, पण सही स्वतःची आहे. खाली रिचर्ड बेरीची सही. मुलीचा पालक म्हणून त्याला ‘गार्डियन’ लिहायचं होतं, त्याने लिहिलंय ‘गार्डन’.

त्या ‘गार्डन’वर आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग सूनबाईच्या खापरपणजीचं माहेर शोधायला लागलो. तिच्या नवऱ्याचं नाव केंटकीच्या करयादीत सापडलं आहे. एक घोडा, जमीन शून्य. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या खानेसुमाऱ्या हरवल्यात, त्यामुळे करयाद्यांवरच सगळी भिस्त. बायकोचं नाव अर्थातच कुठे नाही. पण त्याच्या एका व्यवहारात साक्षीदार म्हणून जो शेजारी आहे, तोच शेजारी पुढच्या काउंटीतल्या एका मृत्युपत्रातही आहे, आणि त्या म्हाताऱ्याला चार मुली होत्या.

नातवाचा वंशवृक्ष कधीच देऊन झाला, एका फांदीवर प्रश्नचिन्ह काढून. जूनमध्ये आम्ही तिघं केंटकीला निघतोय. या खेपेला आधी फोन करून, कुठलं दप्तर कुठे आहे ते विचारून. गाडीत एक जागा रिकामी आहे. जुनी वळणदार इंग्रजी ज्याला लागते, त्याने जेवताना मला गाठावं.