उशीर कुणाला परवडतो?

नमस्कार. सकाळी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे सगळ्या शहराच्या तोंडी असलेल्या 'एमवाय'मध्ये गेलात, तर पर्चीच्या रांगेत धार-झाबुआकडून आलेली माणसे भेटतात. त्यांचा आजार बहुधा जुना असतो, डॉक्टरांची भेट मात्र पहिलीच असते. गरीब आणि श्रीमंत यांच्या आरोग्यातील अंतर मला या उशिरात सर्वांत स्पष्ट दिसते.

उच्च रक्तदाब घ्या. तो दुखत नाही. इंदुरातील आपल्या कितीतरी मराठी घरांत कोणीतरी, वार्षिक तपासणीत तो कळल्यापासून, सकाळच्या पोह्यांनंतर न चुकता गोळी घेते आणि त्यामुळे मूत्रपिंडे व हृदय वर्षानुवर्षे सांभाळली जातात. बांधकामावर रोजंदारी करणाऱ्याला मात्र अंगात ताकद असेपर्यंत तपासणीचे कारणच दिसत नाही, आणि आजार कळला तरी सरकारी दवाखान्यातील मोफत गोळीसाठी दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. काही महिन्यांनी गोळी सुटते; पायांवर सूज येते तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत आलेली असतात. याला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या घरचा त्या दिवसाचा हिशेब बरोबरच असतो.

2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. हा मोठा आधार आहे. परंतु दाखल न होता घेतलेली तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या या विम्यात येत नाहीत. थायलंडने 2002 मध्ये आणलेल्या योजनेत साध्या बाह्यरुग्ण उपचारांचाही समावेश होता.

लहान मुलांच्या न्यूमोनियात तर एका रात्रीचा उशीरही जीवघेणा ठरतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात दर 1,000 मुलांमागे 59 मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावतात; सर्वांत सधन हिश्श्यात 20. या तफावतीत कुपोषण, दूषित पाणी आणि चुलीचा धूर यांचाही मोठा वाटा आहे.

वस्तीतील दवाखाना रात्री आठपर्यंत उघडा असेल, तर काम सुटल्यावर मुलाला कडेवर घेऊन तिथे जाता येते. आपल्या वॉर्डातील सरकारी दवाखाना किती वाजता बंद होतो, हे नगरसेवकांना विचारा; आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही विचारा, की त्या वेळेत त्यांना तिथे पोहोचता येते का.