हुकमाविना बहिष्कार

20 जानेवारी 2016, संध्याकाळचे सात. तैवानची अध्यक्षीय निवडणूक जिंकून त्साई इंग-वेन यांना चारच दिवस झाले होते. तैवान आपलाच भाग आहे असा चीनचा दावा, त्यामुळे त्यांच्या फेसबुक पानावर चीनमधून प्रतिक्रियांचा मारा सुरू झाला. चीनमध्ये फेसबुक 2009 पासून बंद आहे. म्हणजे चिनी सरकारची बाजू घेऊन भांडायला निघालेल्या या पोरांनी आधी व्हीपीएन लावून सरकारचीच भिंत ओलांडली. त्यांना कोणी अडवलं नाही.

ही स्वारी ‘दीबा’ या गटाची. बायदू या चिनी संकेतस्थळावरचा हा अड्डा मुळात एका फुटबॉलपटूची खिल्ली उडवायला जमलेला! कामं क्यूक्यू या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवरच्या ग्रुपमध्ये आधीच वाटलेली होती. कोणी तैवानी पानांची माहिती काढायची, कोणी माणसं जमवायची, कोणी चित्रं आणि मजकूर बनवायचा, कोणी भाषांतर करायचं. उरलेल्यांनी आपल्यांना लाईक द्यायचे आणि समोरच्यांच्या तक्रारी नोंदवायच्या. शिवीगाळ करायची नाही असा नियम होता. म्हणून मीम्सच्या जोडीला चिनी पदार्थांचे आणि निसर्गाचे फोटोही धडाधड पडत राहिले.

अशा तरुणांना चीनमध्ये ‘छोटे गुलाबी’ म्हणतात. बहुतेक जण 1990 च्या दशकात किंवा त्यानंतर जन्मलेले. 1989 मध्ये तिआनआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडल्यानंतर, 1994 मध्ये, कम्युनिस्ट पक्षाने देशभक्तीच्या शिक्षणाचा आराखडा आणला आणि 1840 च्या अफूच्या युद्धापासून 1949 पर्यंतचं, परकीय सत्तांपुढे नमावं लागल्याचं ‘अपमानाचं शतक’ शाळाशाळांत ठसवलं गेलं. (त्या अफूतली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची.) पण नुसत्या धड्यांनी एवढं रक्त तापत नाही. या मुलांनी 2003 ते 2007 अशी सलग पाच वर्षं दहा टक्क्यांवरची आर्थिक वाढ पाहिली, पाठोपाठ बीजिंग ऑलिंपिक पाहिलं. देश वर चढतोय हे त्यांना घरातच दिसत होतं.

मार्च 2021. शिनच्यांग या पश्चिमेकडच्या प्रांतात उइघुर मुस्लिमांवर चाललेल्या दडपशाहीवरून 22 तारखेला युरोपीय संघ, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने चिनी अधिकाऱ्यांवर निर्बंध लादले. 24 तारखेला कम्युनिस्ट युवक संघाने वेइबो या चिनी समाजमाध्यमावर ‘एच अँड एम’ या कपड्यांच्या कंपनीला धारेवर धरलं. निमित्त होतं शिनच्यांगमधल्या सक्तीच्या मजुरीच्या आरोपांवरून तिथल्या कापसाबद्दल कंपनीने आदल्या वर्षी काढलेलं निवेदन. संकेत मिळताच ताओबाओ आणि जेडी या ऑनलाइन बाजारांवरून कंपनीचा माल गायब झाला, सिनेतारकांनी करार मोडले.

इथवर नळाची चावी सरकारच्या हातात होती.

2024 मध्ये मात्र जमावाने सावज स्वतःच निवडलं, तेही घरचं. फेब्रुवारीच्या अखेरीस ‘वाहाहा’ पेय कंपनीचे संस्थापक वारले आणि बाटलीबंद पाणी विकणाऱ्या प्रतिस्पर्धी ‘नोंगफू स्प्रिंग’वर राळ उडाली. नोंगफूच्या मालकाचा मुलगा अमेरिकेचा नागरिक निघाला. बाटलीच्या लाल टोपणात लोकांना जपानचा सूर्य दिसला, चहाच्या वेष्टनावर जपानी देऊळ. पाणी शौचालयात ओततानाचे व्हिडिओ फिरले, छांगचौ शहरातल्या काही दुकानांनी नोंगफूचा माल विक्रीतून काढला. आमच्या मते यात द्वेषाइतकाच धंदाही होता, कारण संतापाला प्रेक्षक मिळतात आणि प्रेक्षकांमागून पैसा येतो.

जून 2024 मध्ये सूचौ शहरात जपानी शाळेच्या बसजवळ चाकूहल्ला झाला. हल्लेखोराला अडवताना बसमधली चिनी मदतनीस मारली गेली. तेव्हा कुठे वेइबो, टेन्सेंट वगैरे कंपन्यांनी जपानद्वेषी मजकूर काढून टाकायला घेतला. 18 सप्टेंबरला, म्हणजे 1931 मध्ये जपानने मांचुरियावर आक्रमण सुरू केलं त्याच तारखेला, शेन्चेन शहरात शाळेत निघालेल्या दहा वर्षांच्या जपानी मुलावर वार झाले. दुसऱ्या दिवशी तो दगावला. सरकारने हा सुटा प्रकार असल्याचं सांगितलं.