लॉट : चिठ्ठीपासून थप्पीपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघाले की अडत्यांच्या दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून त्याचा लॉट वेगळा ठेवला जातो. व्यापारी पोत्यातून मूठभर हळकुंडे काढतो, एखादे मोडून आतला रंग निरखतो, आणि मगच भाव बोलतो. इथे नशिबावर फारसे काही सोडलेले नसते. त्या मालाला ज्या नावाने ओळखतात, तो शब्द मात्र मुळात नशिबाचाच आहे.

जुन्या इंग्रजीत ‘ह्लॉट’ म्हणजे निवाड्यासाठी टाकायची खुणेची वस्तू, बहुधा लाकडाचा तुकडा. असे तुकडे एखाद्या भांड्यात घालून हलवायचे आणि ज्याची खूण निघेल त्याच्या पदरी ते काम किंवा तो हिस्सा घालायचा, अशी ती रीत होती. पुढे उच्चारातला ‘ह’ गळाला आणि अर्थ मात्र वाढत गेले. चिठ्ठीने पदरी पडलेला वाटा तोही लॉट, आणि जन्माबरोबर पदरी पडलेले प्राक्तन तेही लॉट. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या वसाहतींत जमिनी चिठ्ठ्या टाकून वाटल्या जात, त्यामुळे भूखंडालाही तेच नाव पडले. अमेरिकेतल्या ‘पार्किंग लॉट’चे मूळ या वाटपात आहे. अठराव्या शतकात लिलावात एकत्र विकायच्या मालाला हा शब्द लागला, आणि ‘पुष्कळ’ हा आज सर्वाधिक ऐकू येणारा अर्थ तर त्याहूनही अलीकडचा.

लॉटरी हे याच घराण्यातले, पण युरोपभर फिरून इंग्रजीत परतलेले नाव. पहिल्या एलिझाबेथ राणीने बंदरांच्या दुरुस्तीसाठी 1567 मध्ये लॉटरी जाहीर केली होती. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 मध्ये आली.

मराठीने या साऱ्या पसाऱ्यातून प्रामुख्याने मालाचाच अर्थ उचलला. तासगावच्या बेदाण्याचा लॉट असतो, कारखान्यातून परत आलेला खराब लॉट असतो, आणि थट्टेने एका वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांचाही लॉट होतो. प्राक्तनासाठी आपल्याकडे नशीब होतेच, घरांच्या वाटपासाठी सोडत होती. सांगलीतल्या भिशीत डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या हलवून एक नाव काढले जाते, ही क्रिया ‘ह्लॉट’च्या मूळ अर्थाशी तंतोतंत जुळते, परंतु तिला लॉट म्हणण्याची गरज तिथे कोणालाच वाटत नाही.