ब्रश आधी, हात नंतर

(पहाट. झाडीतली पायवाट. पाठीवर गादी बांधलेली पाठमोरी आकृती.)

पाठीवर दिसतेय ती क्रॅश पॅड. दोर नाही, हार्नेस नाही, मेखा नाहीत. बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या शिळा चढण्याचा, सगळा संसार म्हणजे ही फोमची गादी, पायाला चावतील इतके घट्ट बूट, चॉकची पिशवी आणि एक ब्रश. आपण जास्त वेळ त्या ब्रशकडेच बघणार आहोत.

(शिळा. कॅमेरा पायथ्यापासून वर.)

दोन पुरुष उंचीची, वालुकाश्माची शिळा. हिच्यावरून वर जायच्या ठरावीक वाटेला आरोहक 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि तो गणितासारखाच सोडवावा लागतो. फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात असे प्रॉब्लेम रंगीत बाणांनी जोडून अख्खे मार्ग आखलेत. १९४७ पासून ते बाण रंगवले जातात. इथे बाण नाहीत. पांढरे डाग आहेत.

(होल्डचा, म्हणजे पकडायच्या जागेचा, क्लोजअप. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी कड.)

हा पांढरेपणा चॉकचा, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटचा. जिमनॅस्ट हाताला लावतात तेच. जॉन गिल हा अमेरिकी आरोहक मुळात जिमनॅस्ट. १९५० च्या दशकात त्याने ते कातळावर आणलं. चॉक घाम शोषतं, पकड बसते. पण दहा जणांचं चॉक, घाम आणि त्वचेचं तेल एकत्र आलं की दगडाची सूक्ष्म छिद्रं बुजतात आणि कड साबणाच्या वडीसारखी होते. मग पुढचा आणखी चॉक लावतो!

(ब्रशचा आवाज. निवेदन थोडं थांबतं.)

ब्रश मऊ केसांचा. तारेचा अजिबात नाही, तारेने चॉकबरोबर दगडही निघतो. आधी कोरडा ब्रश फिरवायचा, मग फुंकर, मग पुन्हा ब्रश, कडेच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत. पाय ठेवायच्या जागाही सुटत नाहीत. होल्ड दिसावा म्हणून कोणीतरी ओढलेली ही चॉकची रेघसुद्धा जाते. आता बुटांचा तळवा फडक्यावर. तळव्याला चिकटलेली वाळू म्हणजे पॉलिशपेपर, प्रत्येक पावलागणिक दगड घासणारा. पूर्ण सहा मिनिटं गेली. चढाई अजून सुरूच झालेली नाही.

(चढाई. खाली स्पॉटर, हात वर.)

खालची व्यक्ती झेलणार नाहीये. स्पॉटरचं काम पडणाऱ्याला गादीकडे वळवायचं, डोकं आणि पाठ वाचवायची.

(पहिला प्रयत्न. पडणं. दुसरा. पडणं.)

इथे कॅमेरा हललाय. धरणाराही दचकला होता.

(तिसरा प्रयत्न. फक्त श्वासाचा आवाज. माथ्यावर दोन्ही हात.)

(दुसरा दिवस. रात्री पाऊस झालाय. तीच शिळा, ऊन.)

वरून कोरडी दिसते. म्हणून बघायचं पायथ्याला. मातीत बोट खुपसलं, माती ओली निघाली. म्हणजे दगडही आतून ओला. वालुकाश्माचे कण एकमेकांना धरून ठेवणारं बंधन पाण्याने दुबळं होतं आणि कोरड्यात वजन पेलणारी कड ओल्यात तुटते. हा फिकट व्रण बघा. इथे एक होल्ड होता.

दगड जपायची कारणं इतरही असतात. अमेरिकेतल्या ह्यूको टँक्स या बोल्डरिंगच्या जागी प्राचीन शैलचित्रं जपण्यासाठी १९९८ पासून प्रवेशावर कडक मर्यादा आहेत.

(गादीची घडी. ब्रश पुन्हा बाहेर.)

आज चढाई नाही. काल संध्याकाळी उजेड गेला म्हणून वरचे दोन होल्ड पुसायचे राहिले होते. पण ओल्या दगडावर ब्रशही चालवायचा नाही. ब्रश परत पिशवीत.

(पायवाट. पाठीवर गादी. पाठमोरी आकृती.)