एक सापडलं, दुसरं राहिलं

[दृश्य: स्टीलच्या ताटात पसरलेले तांदूळ. बोटं दाणे बाजूला सारतायत.]

निवेदन: तांदूळ निवडणाऱ्या हातांकडे कधी नीट पाहिलंय? खडा काढायचा, साळ काढायची, टोका दिसला तर तोही टिपायचा. वर गप्पाही चालूच. तरी जेवताना खडा लागतोच, आणि तो नेमका पाहुण्याच्या दाताखाली.

नजर चुकली, म्हणतो आपण. पण तो खडा बहुतेक वेळा नजरेखालूनच गेलेला असतो.

[दृश्य: विमानतळ. पट्ट्यावरून बॅग एक्स-रे यंत्रात शिरते. पडद्यावर रंगीत चित्र उमटतं.]

निवेदन: इथेही निवडणंच चाललंय, फक्त ताटाच्या जागी पडदा आहे. पडद्यावर धातू निळा दिसतो. कपडे, कागद, खाण्याचे पदार्थ, म्हणजे सेंद्रिय ते सगळं नारिंगी. स्फोटकंही बहुतेक या नारिंगीतच मोडतात. थोडक्यात, पुरणपोळ्यांची चळत आणि स्फोटक एकाच रंगात!

काही शोधताना मन त्या वस्तूचा साचा धरून ठेवतं आणि नजर त्याच्याशी जुळणाऱ्या जागी आधी धावते. सुरी शोधायची तर निळ्यावर, स्फोटक शोधायचं तर नारिंगीवर. आणि दोन्ही एकदम शोधायचं म्हटलं तर? इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच करून पाहिलं. एकेक प्रकार वेगळा शोधताना जमत होतं, तेवढं अचूक दोन्ही एकत्र शोधताना जमेना. मग त्यांनी सुचवलं, काम वाटून द्या: एकानं धातूची हत्यारं बघायची, दुसऱ्यानं स्फोटकं. मन एका वेळी एकच साचा चालवतं की दोन, यावर मात्र मानसशास्त्रज्ञांचं अजून वाजतं.

[दृश्य: अंधारी खोली. उजळलेल्या पडद्यावर छातीचा एक्स-रे.]

निवेदन: हाच घोळ डॉक्टरांच्या खोलीतही होतो. एक दोष सापडला की त्याच फिल्मवरचा दुसरा निसटतो. 1962 मध्ये अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट विल्यम टडनहॅम यांनी अशा चुकांबद्दल लिहिलं. पुढे याला नाव रूढ झालं: ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च’. सापडलं, समाधान झालं, शोध थांबला.

नाव छान आहे, पण पुरतं खरं नाही. पहिली वस्तू सापडल्यावरही लोक शोधत राहतात, तरी दुसरी हुकते. एक कारण असं, की सापडलेली वस्तू डोक्यात जागा अडवून बसते. दुसरं असं, की नजर तिच्यासारखंच आणखी काही हुडकू लागते. फुप्फुसात गाठ दिसली की पुढेही गाठीच शोधल्या जातात, आणि बरगडीतली बारीक चीर राहून जाते.

[दृश्य: फुप्फुसांचं सीटी स्कॅन. एका कोपऱ्यात गोरिलाची छोटी आकृती.]

निवेदन: 2013 च्या एका प्रयोगात 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसातल्या गाठी शोधायला दिल्या. स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र दडवलं होतं, सरासरी गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलं नाही. यातल्या बहुतेकांचे डोळे थेट त्याच्यावरून गेले होते, डोळ्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्रानं ते नोंदवलंय.

[दृश्य: पुन्हा विमानतळ. बॅगांमागून बॅगा.]

निवेदन: त्यात आणखी एक अडचण. विमानतळावर खरं शस्त्र सापडणं विरळाच. 2005 मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी लोकांना सामानाच्या नकली चित्रांत अवजारं शोधायला लावली. निम्म्या चित्रांत अवजार असताना चुकण्याचं प्रमाण 7 टक्के होतं. शंभरातल्या एकाच चित्रात ठेवल्यावर ते 30 टक्क्यांवर गेलं. काही नसणारच, अशी मनाची तयारी झाली की बोट ‘नाही’चं बटण लवकर दाबतं.

म्हणून अनेक यंत्रं मधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटं शस्त्र घुसवतात. तपासणाऱ्यानं ते ओळखून बटण दाबलं, की पडद्यावर येतं, ही चाचणी होती.

[दृश्य: पट्ट्याच्या टोकाशी एक प्रवासी बॅग उचलतो.]

निवेदन: बॅगवाला तोवर गेटकडे निघालेला असतो. क्षणभर त्याच्या बॅगेत पिस्तूल होतं, याचा त्याला पत्ताही नसतो.